वाक्यात उपयोग करा

३ मार्च

कागद परत आला! दादाने स्वतः इंग्रजीत लिहिलेला, ताईच्या सहीसाठी. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने म्हणे दोन बोटांत धरून परत केला — ‘लीव्ह’ काय लिहिलंय? बाई घर सोडून कुठे चालल्यात का? हक्क सोडतायत ना, मग तसा शब्द घाला!

दादा तणतणत घरी. “तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, त्याचा घरच्यांना कधी उपयोग होणार?”

मी चष्मा लावला. पाच मिनिटांचं काम. रिलिंक्विश. हक्कावरून हात उचलणं, कायमचा. आईबाबांच्या घरातला आपला तिसरा हिस्सा ताई दादाच्या नावे सोडून देते आहे, पूर्णपणे, परत मागणार नाही — कुठे फट म्हणून ठेवली नाही. दादा म्हणाला, “याला म्हणतात शिक्षण.” मला बरं वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

माझाही कागद याच नमुन्यावर होणार. मग घर विकायचं. मला दादाच्या नव्या फ्लॅटमध्ये खोली, पूर्वेची खिडकी, भिंतभर पुस्तकांच्या फळ्या. आणि ताई? दादा म्हणाला, “बघू.”

४ मार्च

ताईला अजून कुणी काही बोललेलं नाही. दादा म्हणतो तू सांग, तुझं ऐकते.

ऐकतेच. बासष्टाव्या वर्षी माझी विद्यार्थिनी झाली आहे ती. डिसेंबरात एकदम म्हणाली, “औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेवढं तरी मला कळायला नको?” तेव्हापासून दुपारी शिवणयंत्रावर कापड टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसते. रोज पाच शब्द. वाक्यात उपयोग करा. मी लाल पेनाने तपासते. माझा जुना शब्दकोश दिलाय तिला, पण म्हणते, “अक्षरं मुंगीएवढी. तू आहेस ना, मास्तरीणबाई.”

वाक्यं सगळी घरातली. परवा ‘इनोसंट’ आणि ‘गिल्टी’ दिले, तर लिहिलं — दोरा इनोसंट आहे, सुई गिल्टी आहे. अर्धा तास हसत होतो दोघी.

सातवीत शाळा सुटली तिची. आई अंथरुणाला खिळली, घर कुणीतरी सांभाळायला हवं होतं. “आपल्यात एकीने तरी शिकू दे,” असं तीच बाबांना म्हणाली. ती एक म्हणजे मी. लोकांच्या पँटी आखूड करकरून तिने मला कॉलेजात घातलं.

७ मार्च

सांगितलं आज. सांगितलं कसलं!

कागद तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, घराच्या कामासाठी सही लागते, तुझी, माझी, सगळ्यांची. ती एकेका शब्दाखाली बोट ठेवत गेली. ‘मी’ वाचलं, ‘घर’ वाचलं, ‘बहीण’ वाचलं. मग बोट थांबलं.

“हा काय गं? आगगाडीएवढा लांब आहे.”

“बाजूला ठेवणं,” मी म्हटलं. “थोड्या वेळापुरतं.”

“म्हणजे दुसरं गिऱ्हाईक आलं की हातातलं कापड ठेवतो तसं?”

“हो. तसंच.”

तिने मान डोलावली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं — मी उठून उगाच भांडी लावायला घेतली.

तीस वर्षांत विद्यार्थ्याला चुकीचा अर्थ कधी सांगितला नाही. अडलं तर उद्या बघून सांगते म्हणायचे, पण ठोकून दिलं नाही कधी. आज दिलं. खरं सांगितलं असतं तर तिने एकच विचारलं असतं, मग मी राहू कुठे? आणि माझ्याकडे ‘बघू’शिवाय उत्तर नव्हतं. आणि ती खिडकी मला हवी आहे. हेही लिहिते.

८ मार्च

मी दिलेले चार शब्द, पाचवा तिने स्वतःचा घातला. ‘मी दूध रिलिंक्विश करते आणि दार उघडते.’

वही माझ्यापुढे. ती समोर, हनुवटी हातावर टेकून. पेन उघडलं. बरोबरची खूण केली. लाल, ठसठशीत.

“बरोबर आहे?” तिने विचारलं.

“बरोबर आहे.”



९ मार्च

आज तीन वाक्यं, तिन्ही त्याच शब्दाची. कात्री, चष्मा, छत्री — सगळं रिलिंक्विश. तीन खुणा. “नीट बघ हं,” म्हणाली. “मला चुकीचं शिकायचं नाही.”

११ मार्च

ताईची ‘सोय’ कळली. गावाबाहेर एक निवास. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, दादाने बजावलं, निवास म्हणायचं. एका खोलीत चौघी.

“आणि तिचं मशीन?” मी विचारलं.

“तिथे कशाला मशीन?” वहिनी म्हणाली. “आता आराम करू दे की त्यांना. किती दिवस खडखड करायचं माणसाने?”

जिने मला शिकवलं तिचाच केसाने गळा कापते आहे, तोही तिने शिकवलेल्या इंग्रजीने. सही चौदाला आहे. उद्या सांगायचं. काही झालं तरी उद्या!

१२ मार्च

गेले तिच्या खोलीत. तिच्या तोंडात टाचण्या, मांडीवर निळं कापड. हातानेच खूण केली, बस. टाचण्या काढून म्हणाली, “बरी आलीस. तुझ्या खिडकीचं माप दे. वहिनी सांगत होती, पूर्वेची आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येईल, पडदा लागेल तुला.”

स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मला माझी खिडकी आहे म्हटल्यावर तुला काय आहे, हे कुणीही विचारेल. तिने नाही विचारलं. “तू मला काही सांगायला आली होतीस का?” एवढंच म्हणाली.

मी माप दिलं. चार फूट बाय साडेतीन.

मेले का नाही मी तिथल्या तिथे!

१४ मार्च

झालं.

लाकडी बाकावर तासभर बसलो. ताईने इस्त्रीचे कपडे घातले होते, हातात पाकीट, लग्नाला निघाल्यासारखी. दादा सारखा घड्याळ बघत होता. अधिकारी तरुण होता, बरा होता. कागद वाचून त्याने पेन खाली ठेवलं.

“बाई, यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजलंय ना?”

ताईने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मला वाटतं पाच-सहा सेकंद असतील. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

“बहिणीने सांगितलंय,” ती म्हणाली. “शिक्षिका आहे ती.”

तिने सही केली, एकेक अक्षर सुटं, वळणदार. तिच्याखाली एक ओळ असते — मजकूर सही करणाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे. त्याच्यापुढे मी सही केली. बाहेर खिडकीतल्या कारकुनाने कागदावर नजर टाकली आणि खूश झाला. “आता कसा चपखल शब्द बसला! कुणी लिहिलं?”

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

१५ मार्च

अभ्यास नाही. डोळे दुखतात म्हणाली.

१७ मार्च

सकाळी दादाला म्हटलं, कागद मागे घेऊ. मी तिला खोटं सांगितलं होतं. माझी खोली तिला दे, मी जाते निवासात. तो पेपरातून मानही वर न करता म्हणाला, “सोडलं ते सोडलं. शब्द तूच घातलास ना?”

मग मात्र मी थांबले नाही. सरळ ताईच्या खोलीत. सगळं सांगायचं, पाय धरायचे, शिव्या खायच्या.

खोली रिकामी. मशीनच्या चार पायांचे चार पांढरे गोल फरशीवर. वहिनी मागून म्हणाली, “सकाळीच गेल्या. कोपऱ्यावरच्या बटणवालीने हातगाडी पाठवली होती. तिच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे राहणार म्हणे. आठवडाभर बोलणं चाललं असेल त्यांचं, मला तर कालच सांगितलं. तुमच्यासाठी ठेवलंय काहीतरी.”

खाटेवर निळा पडदा, घडी घालून, इस्त्री करून. त्यावर माझा शब्दकोश. त्यावर तिची वही. उघडायचा धीर नाही.

१८ मार्च

उघडली.

शेवटच्या पानावर तिने शब्दांची यादी केली आहे — शब्द, अर्थ, तारीख. रिलिंक्विश : हक्क कायमचा सोडून देणे. सात मार्च. शब्दकोशात त्याच पानावर निळा दोरा. म्हणजे त्याच दिवशी बघितला तिने. दूध, कात्री, चष्मा, छत्री, सगळी वाक्यं त्याच्यानंतरची. चूक आहे असं मी म्हणेन म्हणून रोज वही पुढे सरकवत होती.

तपासायचं एकच वाक्य राहिलंय. चौदा तारखेचं. ‘आय रिलिंक्विश माय सिस्टर.’

पुढे खुणेसाठी जागा सोडली आहे. वाक्य बरोबर आहे.