बिनतोंडाचा ससा

१६ जून २०२४, रविवार. परळी वैजनाथ

आले एकदाची! टेम्पोत दोन गाद्या, गॅस, भांड्यांची पेटी आणि एकशे बेचाळीस व्हिडिओ कॅसेटी. टेम्पोवाल्याने खोकी उचलताना विचारलं, बाई, पुस्तकं का? मी म्हटलं, कार्टून. तो जिन्यात थांबून माझ्याकडे बघतच राहिला. शाळेच्या बाई आणि कार्टून!

बदली धर्मापुरीच्या शाळेत झालीय, पण खोली परळीत घेतली. संजय शेती सोडून येऊ शकत नाही आणि संस्कृतीची शाळा तलवाड्यात, म्हणून सध्या मी एकटीच. संध्याकाळी सातला फोन आणि फोनवर एक गोष्ट, असा पोरीशी करार झालाय.

खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. घरमालकीण सुंदरबाई मावशींनी आल्या आल्या बजावलं, की कपडे आतच वाळत घाला, राख लई उडते. मग चहा दिला. बिभीषण काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांच्या भावासोबत अंबाजोगाईला गेलेत. मावशी म्हणाल्या, घर लई शांत झालंय. मग स्वतःच म्हणाल्या, तसं ते असले तरी शांतच असतं. काका अठ्ठावीस वर्षांपासून बोलत नाहीत.

२३ जून, रविवार

आज घबाड सापडलं!

मावशी चहाला वर आल्या आणि कॅसेटी बघून हसल्या. खाली जे बंद शटर आहे ते काकांचं व्हिडिओ सेंटर होतं म्हणे. शटर उघडलं तर आत मांडणीभर कॅसेटी. "घ्या की बाई, धूळच खात हाईत. त्यायला न्हाई चालत म्या हात लावलेला, पर आता हाईत कुठं ते?" त्यांचं व्हीसीआर मशीनही दिलं. ते माझ्या मशीनपेक्षा भारी आहे. माईक लावला की चित्र तसंच ठेवून नुसता आवाज नव्याने भरता येतो.

आणि काकांनी तेच केलंय! सात-आठ मिनिटांची जुनी परदेशी कार्टून आणि त्यावर काकांचा आवाज. कोंबडा कुत्र्याला चिखलात पाडतो आणि काका ओरडतात, "बग बे, निजामाचा हत्ती बुडाला!" मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लहानपणी तलवाड्यात भाड्याने व्हीसीआर यायचा, तेव्हा पिक्चरआधी एक कार्टून लावायचे. मोठी माणसं तेवढ्यात तंबाखू मळून घ्यायची. मी मात्र पापणीही हलवायची नाही. तेव्हापासूनचं हे वेड. पण असा खजिना कुणाकडेच नसेल.

३० जून, रविवार

सगळ्यांत खालच्या फळीवर, चिकटपट्टीने करकचून बांधलेली एक कॅसेट मिळाली. लेबल नाही. पट्टी काढायला कात्री लागली.

एकच कार्टून आहे, काळंपांढरं. रिकामं माळरान आणि ससा म्हणावा असा पांढरा प्राणी. लांब कान, गोल डोळे. तोंड नाही. विसरल्यासारखं नाही, मुद्दाम काढलेलंच नाही. तो माळावरून पुढे पुढे येतो, अगदी जवळ आल्यावर थांबतो आणि मान वाकडी करून वाट बघतो. आवाज अजिबात नाही.

बिचाऱ्याला बोलायचं असावं असं वाटलं. १४ जुलैला संस्कृतीचा वाढदिवस आहे. काकांसारखा मीच त्याला आवाज दिला तर?

२ जुलै, मंगळवार

शाळेतून येऊन रेकॉर्डिंग केलं. एका दमात झालं. ससा म्हणतो, "संस्कृती, ये गं माझ्याकडे. तुला गंमत दाखवतो." थांबायच्या जागा इतक्या बरोबर जुळल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. जणू तो माझ्यासाठी थांबत होता.

४ जुलै, गुरुवार

घसा बसलाय. वर्गात तिसरीची पोरं हसली. डॉक्टर म्हणाले, सूज नाही, काही नाही, दोन दिवस बोलू नका.

कॅसेट पुन्हा लावली. सशाला तोंड आहे. एक बारीक रेघ. पहिल्यांदा नीट बघितलं नसेल मी.

७ जुलै, रविवार

आवाज पूर्ण गेला. खोकला येतो, पण त्याचाही आवाज होत नाही. संजयला मेसेज केला की दोन-चार दिवस फोन नको, गोष्ट तूच सांग.

दुपारी कॅसेट लावली. लावायला नको होती. सशाचं तोंड आता उघडतं. आत दात आहेत, माणसाचे. आणि तो माझ्या आवाजात माझ्या वर्गाची हजेरी घेत होता. मी हे रेकॉर्ड केलेलं नाही. एकेक नाव, माझ्याच लकबीत. शेवटी संस्कृतीचं नाव. ती माझ्या वर्गात नाही. तिथे तो थांबला आणि "हजर" ऐकू येण्याची वाट बघत राहिला.

८ जुलै, सोमवार

काका आज परतले. डोळ्यावर हिरवी पट्टी. मावशींनी कॅसेटींचं सांगितलं असावं, कारण ते धडपडत जिना चढून आले आणि मशीनकडे बघून मटकन खाली बसले. मी त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांना कळलं.

काकांनी सोबतच्या पाटीवर लिहून दाखवलं. अक्षरं वेडीवाकडी, पण मी ती विसरणार नाही.

त्याला आवाज दिला का?

मी मान हलवली.

नाव कुणाचं घेतलं?

मी लिहिलं, माझ्या मुलीचं.

काकांनी पाटी पुसली. मग त्यांच्या मागोमाग वर आलेल्या मावशीच बोलल्या, भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता. "आमची शिवकन्या सात वर्षांची हुती. ह्यांचा आवाज गेलता, धा दिवस झालते. हे हितं माझ्यापाशी बसलेले अन् बाहेरून ह्यांचाच आवाज आला, शिवकन्या, ये गं. पोरगी पळत गेली. म्या म्हनलं, बाप हितं बसलाय, तू कुनाकडं चाललीस? तवर ती डोंगराकडच्या वळनाला गेलती. पुन्हा घावलीच न्हाई."

मावशींना सशाच्या कॅसेटचं माहीत नव्हतं. काकांनी अठ्ठावीस वर्षं त्यांना सांगितलं नव्हतं. त्या उठून खाली गेल्या. काका तिथेच बसून राहिले.

१० जुलै, बुधवार

संजयचा मेसेज. घसा बरा झाला वाटतं, काल किती वेळ बोललीस पोरीशी, आज ती नुसती नाचतेय.

मी फोन केलेला नाही. केलेला नाही.

११ जुलै

कॅसेट जाळली. मागच्या अंगणात, काका शेजारी उभे. फीत वितळेपर्यंत बघितली. काकांनी पाटीवर लिहिलं, मीपण जाळली होती.

मग ती मांडणीत कशी —

१२ जुलै

संजयला सगळं लिहिलं. सगळं. पाच मेसेज. त्याचं उत्तर — तूच आत्ता फोनवर सांगितलंस ना, मोबाईल कुणीतरी हॅक केलाय, मेसेजवर विश्वास ठेवू नको म्हणून?

१३ जुलै, शनिवार

व्हिडिओ कॉल केला. चेहरा तरी बघेल. मी दोन्ही हात हलवले, नाही नाही म्हणून मान हलवली. तो हसत होता. मग माझ्या घशातून नाही, खोलीतूनही नाही, फोनमधूनच माझा आवाज — "या उद्या पहिल्या गाडीने. वाढदिवस इथंच करू."

मी तोंडावर हात गच्च दाबला. ओठ मिटलेले होते. संजय म्हणाला, हात काढ की, हसतेस काय. संस्कृती मागून ओरडली, आई, ससा दाखवणार ना?

१४ जुलै, रविवार

काकांनी पाटीवर विचारलं, स्टँडवर जायचं का. पण चुकामूक झाली तर? गाडी थांबवून ते चौकातूनच चालत आले तर? म्हणून फाटकातच बसलेय. काका दुसऱ्या बाजूला.

वहीचं एक पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. संजयच्या डोळ्यांसमोर धरायचं. संजय, हा आवाज माझा नाही. पोरीला उचल आणि मागे फिर.

साडेअकरा. मावशी आतून आल्या, शटरला कुलूप आहे ना ते बघितलं. आहे.

बारा वाजत आले. ऊन —

दिसले. वळणावर. संस्कृतीच्या अंगात पिवळा फ्रॉक, संजयच्या हातात केकचं खोकं. मी उभी राहिले. एका हाताने पान वर धरलं. तिने बघितलं, हात केला —

शटरमागून माझा आवाज.

संजय थांबून शटरकडे बघतोय. पान बघ, संजय, पान — काका धावले, पण त्यांना एका डोळ्याने —

तिने त्याचा हात सोडला. माझ्याकडे बघत नाही. कुलूप तसंच आहे आणि खालून शटर वर — पांढरं काहीतरी — संस्कृती मी इथे आहे मी इथे मी इ