दोन वर्षांची मुदत

कारंजा (घाडगे),
२७ एप्रिल २०२५

प्रिय वर्षाली,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा ऊन तापल्यापासून जरा कमी दुखतो. दहावीचे पेपर चांगले गेले असं आपल्या गुंजननं आजीला फोनवर सांगितलं, तेव्हापासून आई गल्लीत असं सांगत फिरते आहे की जणू निकालच लागला.

तू मागच्या रविवारी फोनवर जे विचारलंस, त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. "घरात अजून एक गाडी पाह्यजे. लीजवर घेऊ का विकत? पैसे नाई मागून राह्यली तुमाले. गाड्यातलं तुमाले समजते म्हणून विचारून राह्यली." मी "पाहून सांगतो" म्हटलं आणि ठेवला फोन. पाहायचं काय होतं? वीस वर्षं हायवेवर स्पेअर पार्टचं दुकान चालवतो आहे.

तर आधी कामाचं. लॅबच्या कामाला तुला आठवड्यातून तीन दिवस वर्ध्याहून रोहण्याला जावं लागतं, आणि या उन्हात तेवढं अंतर स्कूटीवर जाणं म्हणजे वेडेपणा आहे. गाडी पाहिजेच, त्यात वाद नाही. नागपूरच्या कंपनीचा लीजचा कागद गुंजननं मोबाईलवर पाठवला, तो मी शेवटपर्यंत वाचला. दर महिन्याला ठरलेलं भाडं, विमा आणि दुरुस्ती त्यांच्याकडे, दोन वर्षं झाली की गाडी त्यांना परत. वर्षाला किलोमीटरची मर्यादा आहे, पण तुझ्या फेऱ्या त्यात बसतात. परत देताना मात्र ते एकेक ओरखडा पाहतील. विकत घेतली तर दुरुस्ती तुझ्या अंगावर, पण ओरखडाही तुझाच.

सोमवारी मी एका कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं: लीज घे, दोन वर्षांची. खाली कारण लिहिलं होतं, "कटकट कमी."

ते कारण खोटं होतं, वर्षाली. दोन वर्षांनी गुंजनची बारावी होईल. गाडी परत जाईल आणि पाठोपाठ तुम्ही दोघी घरी याल, असं मी मनात धरलं होतं. विकत घेतलेली गाडी म्हणजे वर्ध्याचीच होणार. तिच्यासाठी सावलीची जागा पाहावी लागते, भरवशाचा मेकॅनिक शोधावा लागतो, माणूस तिथं रुजत जातो. मला तुझ्या दारात अशी गाडी हवी होती, जिला कधीतरी परत जायचंच आहे.

मग गुरुवारी मी वर्ध्याला आलो. माल आणायला, असं आईला सांगितलं. माल काही नव्हता. नालवाडीत तुझ्या घरासमोर जी रसवंती आहे, तिथं बसलो. रसाचे दोन ग्लास झाले, तेव्हा तू आलीस. तोंडाला स्कार्फ, खांद्यावर नमुन्यांची पेटी. घरमालकीण तानाबाईंनी वरून काहीतरी विचारलं आणि तू स्कार्फ सोडत मोठ्यानं हसलीस. दहा महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्याही आधी कितीतरी दिवस ऐकलं नव्हतं. फाटकावर पाटी पाहिली. तुझं नाव, त्याच्याखाली गुंजनचं. मी उठलो, फाटकापर्यंत आलोसुद्धा. मग वाटलं, हिनं काय म्हणून दार उघडावं?

कारण जूनमधला तो दिवस. आपण दोघंही त्याच्याबद्दल बोलत नाही. तुझी नेमणूक झाली होती, खोली ठरली होती, आणि सकाळी तू एवढंच म्हणालीस, "सामान जास्त हाये, गाडीनं सोडून द्या." मी म्हटलं, "नोकरी तुझी, सामान तुझं. तूच पाहाय." आणि गाडीची चाबी खिशात टाकून दुकानात गेलो. दुपारी दुकानासमोरून तुमची एसटी गेली. गुंजननं खिडकीतून हात हलवला. तू सरळ समोर पाहत होतीस. शेजारच्या किसनरावांनी विचारलं, "वहिनी एसटीनं काऊन?" मी म्हटलं, "गाडी सर्व्हिसिंगले गेली." गाडी घरी, टिनाच्या शेडखाली उभी होती.

त्या संध्याकाळी आई ताटावर बसली नाही. म्हणाली, "घरात गाडी उभी अन् माही सून पोरीले घेऊन एसटीनं गेली. तू काऊन नाई गेला रे सोडाले?" आजही आई अधूनमधून तेच विचारते.

खरं उत्तर असं आहे की मला वाटलं, गाडी नाही दिली तर तू जाणार नाहीस. एवढंच. तुला अडवायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. "जाऊ नको, मला करमणार नाही" असं साधं वाक्य मला बोलता आलं नाही. ते आज लिहितो आहे, आणि आता त्याचा उपयोग नाही हेही मला कळतं.

म्हणून माझा सल्ला: गाडी विकत घे. तुझ्या एकटीच्या नावावर. परत कधी द्यायची हा विचार करत चालवायची गाडी तुला नको. तू जिथं हसतेस तिथं राहा. गाडी पाहायला मी येऊ का, हे विचारायचा मला हक्क आहे की नाही ते ठाऊक नाही. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी सल्ला हाच.

गुंजनला आशीर्वाद.

तुझा (हे लिहू की नको म्हणून बराच वेळ थांबलो होतो),
ओमप्रकाश


नालवाडी, वर्धा
२ मे २०२५

ती. आईंना नमस्कार सांगा.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. गुंजनला दाखवलं नाही, तिला तुमच्यावर रागावायचं निमित्तच हवं असतं.

त्या दिवशी मी समोर पाहत होते, कारण बाजूला पाहिलं असतं तर एसटी थांबवून उतरले असते. मग नोकरी गेली असती, आणि तुमच्यावरचा राग जन्मभर उरला असता. गेले ते बरं झालं. मला इथलं काम आवडतं. रोहण्याच्या बाया आता मला नावानं हाक मारतात. हे सोडून मी येणार नाही, एवढं आज तरी पक्कं समजा.

पण सल्ला मी ऐकला नाही. परवा लीजच्या कागदावर सही केली. दोन वर्षांची. तुम्ही मनात धरलं होतं त्यासाठी नव्हे. दोन वर्षांनी मला कुठं राहावंसं वाटेल हे मला आज माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याची सोय मला ठेवायची आहे. मागच्या आठवड्यापर्यंत मला ते माहीत होतं. तुमच्या पत्रानं घोळ केला.

रसवंतीवर बसला होतात, तर हाक मारायची होती. रस तरी एकत्र घेतला असता.

गाडी पुढच्या रविवारी, ११ तारखेला, सकाळी अकराला येते आहे. कंपनीचा माणूस घाईत असतो म्हणतात, तेव्हा दहालाच या आणि खालून-वरून नीट तपासून घ्या. गुंजन तोंड वाकडं करेल, तिकडे लक्ष देऊ नका.

जेवून येऊ नका.

वर्षाली