मुळावरची लेक

इंदुरी,
दसरा, १९४८

चि. महिपतीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. शालू सुखरूप बाळंत झाली. तिला माहेरी आई न्हाई म्हणून सगळं हितंच केलं. पोर झाली. नाक तुझं, ओरडणं माझं.

वाईट एवढंच, की मूळ नक्षत्रावर आली. तुझी झुंबरआत्या कपाळ बडवतीय, की मुळाची पोर बापाला खाती. दिवाळीनंतर भटजीकडून मुळाची शांत करायची, तवर बापानं तोंड बघायचं न्हाई. मग आधी तेलाच्या वाटीत तिचं तोंड बघायचं, मग पोर. वाटीभर तेल काढून ठेवलंय. तवर घरी येऊ नको. एकुलता एक हायेस, माझाबी जीव थाऱ्यावर न्हाई.

तू तर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. त्या मुळात हाय तरी काय, ते लिही.

तुझी आई,
कस्तुरा

वेधशाळा,
१७ ऑक्टोबर १९४८

ती. सौ. आईस कृ. सा. न. वि. वि. पत्र पोचले. आनंद झाला.

मूळ म्हणजे विंचवाची नांगी. तिच्या शेजारी आकाशगंगा सगळ्यात दाट, पण मध्ये धुळीचे ढग आहेत. परदेशातल्या शास्त्रज्ञांना त्या धुळीत एक विरळ जागा सापडली. तिच्यातून मोठ्या दुर्बिणीने फोटो घेऊन त्यांनी फुलणारे-मिटणारे तारे शोधले. हे काही तासांत उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात. या जातीच्या ताऱ्यांचे खरे तेज जवळपास सारखेच असते. घाटातल्या बैलगाड्यांचे कंदील आठव. कंदील सारखेच, पण जो मिणमिणता तो लांबचा. तसे एकेकाचे अंतर काढत गेले. आधी विरळ, मग दाट, मग एके ठिकाणी जत्रेसारखी गर्दी, आणि पलीकडे पुन्हा विरळ. ती गर्दी म्हणजे आपल्या आकाशगंगेचा मध्य. सूर्यासकट आपण सगळे त्याच्याभोवती फिरतो. तिथला उजेड इथे यायला पंचवीस-तीस हजार वर्षे लागतात. हे प्रथम वाचले तेव्हा मला जेवण गेले नाही.

बाकी आत्याचे मन मोडू नये. शांत झाल्यावरच येतो. तेल ठेवलेस ते बरे केलेस.

आज्ञाधारक,
महिपती

इंदुरी,
वसुबारस, १९४८

चि. महिपतीस आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. निम्मं मला कळलं, निम्मं तुझ्या बापानं कळल्यासारखं केलं.

दिवेलागणीनंतर अंगणात गेले. लोहगडाच्या डाव्या अंगाला नांगी सापडली. तिच्या वर पीठ सांडल्यागत पांढुरकं होतं. जन्मभर तिकडं पाठ करून म्हशी बांधल्या. मळणीला तिवड्याच्या खांबाभवती बैल फिरतो, तसा आपला सूर्य त्या जागेभवती फिरतोय, हे मनात आलं आन खालची जमीन फिरल्यागत वाटली. चुलीवर दूध उतू गेलं, ते शालूनं उतरवलं.

मग आत गेले, पोर उचलली आन तिला ते दाखवलं. झुंबरवन्सं ओरडल्या. त्यांना म्हटलं, की तो उजेड निघाला तवा पंचांग नव्हतं, तुमी नव्हता, मी नव्हते. त्याला माझ्या महिपतीचा पत्ता दिला कुणी? आन नवरात्रात त्याच मुळावर सरस्वती बसवता, मग देवी चालती आन पोर का चालत न्हाई? त्या रुसून शिरगावला लेकीकडं गेल्या. येतील. माझ्याशिवाय भांडायला त्यांना हाय कोण.

आता तुझं. एवढं लांबलचक लिवलंस, त्यात पोरीची एक ओळ न्हाई. काळी का गोरी, नाव काय ठेवायचं, कायबी विचारलं न्हाईस. तेलाचं मातर ध्यानात ठेवलंस. इतक्या लांबची गर्दी बघतोस आन वीतभर लेकीला भितोस. मीबी भ्याले होते. तवा भीती जाईपर्यंत थांबू नको, भ्यालेलाच ये.

वाटीतलं तेल आज पोरीच्या अंगाला चोळलं, थेंब उरला न्हाई. तुला तोंड सरळच बघावं लागंल. पाडव्याच्या आत गाडीत बस.

लोभ आधी तिच्यावर कर. उरला तर माझ्यावर.

तुझी आई,
कस्तुरा