तेवढाच अर्धा तास

१४ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण हात रिकामा नव्हता आणि डोकं तर त्याहून नव्हतं. यांचा उजवा हात अजून उठत नाही. जीभ थोडी वळायला लागली आहे, म्हणजे आता 'नको' स्वच्छ म्हणतात.

व्हायोलिनची चौकशी केलीस. पाच ते साडेपाच, एवढंच माझं स्वतःचं. मधलं दार उघडं ठेवते. यांच्या डाव्या हाताशी पितळी घंटा दिली आहे, लागलं तर वाजवायला. पण गज तारेवर टेकवला रे टेकवला की डोक्यात बाजार भरतो. गोळी दिली का, दूध उतू गेलं का, वरच्या मजल्यावरचीने परत ओल्या चादरी माझ्या खिडकीवर सोडल्यात, तिला काय सुनवावं. एक ओळ संपायच्या आत मी दोनदा थांबून यांना विचारते, पाणी हवं का, उशी सरळ करू का. माझी मास्तरीण, वय नातीचं आणि तोरा मुख्याध्यापिकेचा, मला विचारते की आजी, डोक्यातला फोन वाजला म्हणून दर वेळी उचलायलाच हवा का. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला. एका वेळी दहा लायनी सांभाळायचाच तर मला पगार मिळायचा. आता म्हणे एकच ऐका.

लोभ आहेच. वाढवायची ताकद तुझ्यात असेल तर वाढव.

तुझी,
ताई

२२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझे गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरतात, नाहीतर तुझी शिकवणी बघायला आलेच असते. कॉन्व्हेंटात सिस्टर शेजारी बसायच्या तेव्हा तुझं मन कुठे भटकत नसे. त्याची हिंमतच नव्हती. आता सिस्टर नाहीत, तर मास्तरणीचं ऐक. विचार आला की तू त्याच्याशी भांडायला जातेस, आणि भांडण तुला पहिल्यापासून प्रिय. येऊ दे त्याला. तू गज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना बघ, बस.

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

धाकटी

६ जुलै

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझा सल्ला लागू पडला. अभिनंदन.

गुरुवारी पहिल्यांदा अख्खा धडा न थांबता वाजला. डोक्यात कुणी नव्हतं, मीसुद्धा नाही. शेवटचा सूर विरला तेव्हा इतकं हलकं वाटलं की मला माझीच लाज वाटली. मग आत गेले. हे जमिनीवर, पाठ पलंगाला टेकलेली, घंटा मुठीत. लघवीला लागली होती. घंटा वाजवली, मी आले नाही, म्हणून स्वतःच उठायला गेले. कोपर सोललंय, हाड शाबूत आहे. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि वर विचारलं, घरात कुणी नव्हतं का. होतं ना. मी होते, ठणठणीत कानांची.

व्हायोलिन पेटीत घालून माळ्यावर टाकलं आहे. मास्तरणीला निरोप धाडला. आता मन एकाग्र करायचे धडे मला कुणी देऊ नयेत, तूही.

ताई

१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग पोचला. पाकिटात मावत नव्हता.

एकच विचारते, मग वाटल्यास माझ्याशी बोलू नकोस. भावजींना विचारलंस का? तुझ्या पत्रांत ते गोळी घेतात, जेवतात, पडतात, पण काही म्हणताना दिसत नाहीत. जन्मभर नकाशे काढलेला माणूस आहे. रेघ कुठे थांबवायची यावर त्यांचं काहीतरी मत असेलच.

काळजीत असलेली,
धाकटी

२ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद, वि. वि.

विचारलं. विचारायला नको होतं.

तुमच्यासाठी वाद्य बंद केलं, असं मी सांगितलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. यांचं एक वाक्य व्हायला आधणाला उकळी येण्याइतका वेळ लागतो. म्हणाले, "तेवढाच अर्धा तास मी पेशंट नव्हतो."

बाकीचं तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मी सकाळपासून विचारत असते, वाजवतानाही विचारत असते, आणि त्या गुरुवारी एकदाही विचारलं नाही. म्हणून हे नुसते ऐकत पडले होते. घंटा वाजवायला उशीर यांनीच केला. पडलो तो माझा मी पडलो, असं म्हणाले, आणि ते मात्र एका दमात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांचं सगळं करून माझ्या हातांची सालं निघाली, आणि मीच यांना जड. रात्रीपर्यंत बोलले नाही. बरंच वाटलं असेल त्यांना.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून पेटी काढली. पलंगाला दोन जड खुर्च्या लावल्या, लघवीचं भांडं डाव्या हाताशी ठेवलं आणि वाजवायला बसले. बाजार भरला होताच. हे सरकले असतील, तहानले असतील, मी वाईट बाई आहे. मी तोंड उघडलं नाही. मध्येच आत काहीतरी खणकन् पडलं. सूर घसरला, पण गज उचलला नाही. यांनी घंटा वाजवली नाही.

साडेपाचला आत गेले. भांडं उपडं, चादर ओली. यांनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला. चादर बदलली, पाठ पुसली, खिडकी उघडली.

फार दमलेय गं. उद्या पाचला पुन्हा बसणार आहे.

गुडघ्यांना तेल लाव. आणि या थकल्या बहिणीवर असेल नसेल तो जीव असू दे.

ताई