प्रत्येक मजल्यावरची एक नर्स

९ ऑक्टोबर

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो; पण माझं न ऐकणारा तो काही पहिला विद्यार्थी नव्हे. तू कशी आहेस, हे विचारण्याचा हक्क दीड वर्षापूर्वी गमावून बसलो आहे. तरी विचारतो.

सवयीप्रमाणे आधी कोडं. ‘अ नर्स ऑन एव्हरी फ्लोअर न्यू हर नेम.’ रुग्णालय चार मजली आहे असं धर. चित्रात नर्स किती काढशील? वाक्याच्या तोंडाशीच ‘अ नर्स’ आहे, म्हणजे एकच बाई. क्रियापदाशी तिचंच नातं. तरीही ज्याच्या अंगवळणी इंग्रजी पडलं आहे, त्याला बोटंही न मोजता चार नर्स दिसतात. वरच्या तीन आल्या कुठून?

हे कोडं आज आठवायला कारण घडलं. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणाची चित्रं प्रकाशकांनी नव्या चित्रकाराकडून करून घेतली. चित्रांसाठी तुझ्याकडे पाठवलेली प्रकरणं तू न उघडता परत केलीस, तेव्हा त्यांचाही निरुपाय झाला. त्या गृहस्थांनी एकच नर्स काढली आहे. पाय तळमजल्यावर, डोकं गच्चीच्या वर, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिचा कोपर बाहेर आलेला. मी फोन केला तर म्हणाले, “सर, वाक्यात एकच आहे. मी चार काढल्या असत्या तर तुम्हीच माझा कान धरला असता.” खूप दिवसांनी पोट धरून हसलो.

चूक त्यांची नाही, आणि त्या वाक्याचीही नाही. मराठीत आपण ‘प्रत्येक मजल्यावरच्या एका नर्सला तिचं नाव ठाऊक होतं’ असं म्हणतो. ‘प्रत्येक’ आधी येतो, मोजणी ठरवतो, मग ‘एक’ त्याच्या हुकमाखाली निमूट उभा राहतो. इंग्रजीत ‘एव्हरी’ मागे असतो, ‘ऑन’सारख्या प्रिपोझिशनच्या पदराआड, नर्सच्या पाठीशी. पण बसल्या जागेवरून हात लांबवून तो पुढच्या ‘अ’ला धरतो आणि सांगतो: जितके मजले, तितक्या तुम्ही. खारू, सत्तावीस वर्षं शिकवतो आहे, तरी हे सांगताना अजून मी खडू ठेवून हात लांबवून दाखवतो!

गंमत पुढे आहे. तेच वाक्य जरा बदल: ‘अ नर्स हू वर्क्ड ऑन एव्हरी फ्लोअर न्यू हर नेम.’ आता बिचारी एकच बाई चारही मजले चढते-उतरते आहे. कारण ‘हू वर्क्ड’ आलं की आत स्वतःचं क्रियापद असलेलं उपवाक्य उभं राहतं, आणि उपवाक्य म्हणजे कडी लावलेलं दार. ‘एव्हरी’चा हात दाराबाहेर येत नाही. नुसतं प्रिपोझिशन मात्र पडद्यासारखं असतं. पडद्याबाहेर हात सहज येतो.

तुला हे समजावून सांगावं लागलं नसतं. वाक्य हातात घेतलं की तू आधी पानाच्या समासात पेन्सिलीनं आकडा लिहायचीस, मग चित्राला बसायचीस. ‘प्रत्येक घरातला एक नळ गळत होता’ या वाक्याच्या वेळी तू विचारलं होतंस, “दादा, बादल्या किती?” आणि आई आतून म्हणाली होती, “आधी आपला गळतोय तो दुरुस्त करा म्हणावं, मग पुस्तकातला!”

नर्सचं हे वाक्य मला सुचलं कुठून, हे तू विचारशील. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच पत्र लिहायला बसलो होतो आणि दोन पानं व्याकरणानं भरून टाकली. उरलेलं उद्या.

१० ऑक्टोबर, सकाळ

चहा झाला. आता टाळत नाही.

ते वाक्य मी रचलेलं नाही. ते घडलेलं आहे, आणि त्यातलं नाव तुझं आहे.

तू आलीस तेव्हा आईचं सगळं उरकून दोन दिवस झाले होते. चपलाही न काढता उंबऱ्यातूनच तू विचारलंस, “दादा, आईनं माझं नाव काढलं होतं का रे?” मी म्हणालो, “नाही गं. एका रात्रीत झालं सगळं. ती शुद्धीतच नव्हती.” नोकरीसाठी घर सोडण्यावरून तुमचं वाजलं होतं, त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. “म्हणजे रागातच गेली,” एवढं पुटपुटून तू उंबऱ्यावरूनच मागे फिरलीस.

एका रात्रीत झालं नव्हतं, खारू. नऊ दिवस लागले. आणि सातव्या दिवसापर्यंत ती तुझ्या-माझ्याइतकी शुद्धीत होती.

तिला तळमजल्यावर दाखल केलं, मग तिसऱ्यावर हलवलं, तिथून दुसऱ्यावर आणि शेवटी पहिल्यावर. जिथे जाईल तिथे एका तरी नर्सला धरून ती तुझ्याबद्दल सांगायची. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला वाटलं, आमच्या घरी पाळलेली खार आहे. तिनं काळजीनं विचारलं, “आजी, मग आता तिला खायला कोण घालतं?” आई म्हणाली, “कुणी नाही. ती स्वतः कमावून खाते. चित्रं काढते माझी खारू.” बोलण्यात राग नव्हता गं. मिरवणं होतं.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, “बोलाव तिला.” मी म्हणालो, “कळवलंय.” कळवलं नव्हतं. डॉक्टर सुधारणा आहे म्हणत होते, तुझ्या चित्रांचं प्रदर्शन तोंडावर होतं, आल्यावर दोघींचं पुन्हा वाजेल. अशी कारणं मी तेव्हा क्रमवार मांडली होती, आणि तुला ठाऊकच आहे, मांडणीत मी कच्चा नाही. एकही कारण खरं नव्हतं.

खरं एवढंच की मला हेवा वाटला. अकरा वर्षं तिची औषधं मी दिली, केस मी विंचरले. आणि त्या पलंगावरून तिनं नजर लावली ती दाराकडे. मी चमचा पुढे केला की ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहायची. मला वाटलं, निदान हे थोडे दिवस तरी माझे असावेत. शेवटचे आहेत हे कळलं असतं तर फोन केला असता, असं मी स्वतःला सांगत आलो. आठव्या दिवशी ते कळलं. तरीही केला नाही. तोवर ‘इतके दिवस का नाही कळवलंस’ या तुझ्या प्रश्नाची भीती बसली होती.

सातव्या दिवशी संध्याकाळी तिनं विचारलं, “अजून रागावलीय का रे ती?”

मी म्हणालो, “कामात असेल.”

ती म्हणाली, “असू दे. पुन्हा फोन नको करूस. हातातलं चित्र बिघडेल तिचं.”

त्यानंतर तिनं तुझं नाव काढलं नाही. तू येणार नाहीस असं समजून ती गेली. तिनं बोलावलंच नाही असं समजून तू जगते आहेस. दोन्ही समजुती माझ्या आहेत. तिची आता मला दुरुस्त करता येत नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हे काम तुझ्यावर येऊन पडतं, आणि माझी कामं तू पुष्कळ केलीस. मी वाट पाहणार नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खोटं झालं असतं.

तुला साहजिकच शंका येईल की हे मी तुझ्यासाठी लिहिलं, की स्वतःचं ओझं हलकं करायला. मलाही ती आहे. त्या शंकेसाठी एक सोपी कसोटी देतो. तुला काहीच करावं लागणार नाही. तीन महिने उत्तर पाठवू नकोस. तेवढ्यात माझ्याकडून ‘पत्र पोचलं का’ अशी एका ओळीची जरी विचारणा आली, तरी खुशाल समज की दादानं आपली मोळी तुझ्या दारात आणून टाकली, आणि मला विसर. विचारणा आली नाही, तर हे तुझ्यासाठी होतं. निकाल काहीही लागो, एक गोष्ट बदलत नाही: आईनं तुला बोलावलं होतं.

दादा