न पिकलेला मोतीबिंदू

९ जानेवारी
सकाळी सकाळी कामवाल्या यादम्माशी वाजलं. ओट्यासमोरच्या फरशीवर तपकिरी डाग. तिने दोनदा पुसला, तरी तिथेच. "एमी लेदम्मा," काहीच नाही म्हणे तिथे. म्हटलं, मी काय आंधळी आहे? मग गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर डाग माझ्याबरोबर वर आलेला. आधी चादरीवर, मग शेजारच्यांच्या टाकीवर, मग सरळ आभाळात.
खाली येऊन यादम्माला आल्याचा चहा करून दिला. कारण नाही सांगितलं.

११ जाने.
उजवा डोळा झाकला की डाग. डावा झाकला की नाही. म्हणजे भानगड डाव्या डोळ्याची. आमच्या वकीलसाहेबांना सांगितलं. ह्यांनी पेपरातून मान वर न करता निकाल दिला : "मोतीबिंदू. अण्णांनापण असाच झाला होता. पिकू दे गं, पिकल्याशिवाय काढत नसतात." जन्म कोर्टात तारखा घेण्यात गेलेला नवरा. कुठल्याही गोष्टीला पुढची तारीख मिळाली की खूष.
मलाही बरंच वाटलं. प्री-फायनलच्या पेपरांचे गठ्ठे यायचेत. दहावीच्या दोन्ही तुकड्यांचं गणित माझ्याकडे.

१७ जाने.
वरच्या मजल्यावर वैशालीकडे हळदीकुंकू. नल्लकुंट्यातल्या झाडून सगळ्या मराठी बायका. आत शिरले आणि गलका, "सुनंदा, काय बारीक झालीस गं! करतेस तरी काय?" मी पण काय, फुशारले. सकाळी ज्वारीची आंबील, रात्री भात बंद, संध्याकाळी चालणं. दोघींनी फोनमध्ये लिहून घेतलं. वैशाली म्हणाली, पन्नाशीनंतर हे जमणं म्हणजे तपश्चर्या.
खरं तर भात मी बंद केला नाही, तोच आत जाईना. अर्धी भाकरी खाल्ली की डावीकडे पोट तट्ट. गॅसेस, दुसरं काय. पण कौतुक कोणाला नको असतं?

२३ जाने.
आज मान खाली गेली. दहावी ब मधली शाहीन पेपर घेऊन आली. "मॅडम, आपने मार्क्स काटे, मायनस का साइन तो है." आहे. चांगलं ठळक आहे. मी त्यावर लाल गोल काढून 'चिन्ह?' असं लिहून ठेवलेलं. उजवा डोळा झाकून बघितलं तर ओळीचा मधला भागच गायब. तिचे दोन मार्क दिले, सॉरी म्हटलं, आणि अख्खा गठ्ठा पुन्हा तपासायला घेतला. एका डोळ्याने.
मोतीबिंदू पिको न पिको, माझ्याकडून मुलांचे मार्क जाणार असतील तर चालणार नाही. मुक्ताला फोन केला. लेकीचं एकच वाक्य : "आई, सीरियसली, हे तू मला आत्ता सांगतेयस?" कोंडापूरहून तिने दहा मिनिटांत उद्याची अपॉइंटमेंट घेतली.

२४ जाने.
डोळ्यांचा दवाखाना. थेंब घातले, बाहुल्या मोठ्या केल्या, जग पिठाळ दिसायला लागलं. डॉक्टर मुलगी मुक्ताच्याच वयाची, तेलुगू, बोलणं गोड. म्हणाली, "आंटी, मोतियाबिंद तो अभी बच्चा है. वो रहने दो." मग बराच वेळ दिवा मारून बघत राहिली. एक डोळा, दुसरा, परत पहिला. खुर्ची मागे सरकवली. विचारलं, वजन कमी झालं? रात्री घाम? थोडं खाल्लं की पोट भरतं?
मी हो, हो, हो. तिला कसं कळलं सगळं?
पडद्यावर फोटो दाखवला. लाल ठिपके, काहींच्या मध्ये पांढरं. दुसऱ्या डोळ्यातही आहेत म्हणे, फक्त मधोमध नाहीत म्हणून कळले नाहीत. "आँख का नहीं, खून का मामला लग रहा. आजिच टेस्ट कराओ, कल नक्को." ह्यांनी तोंड उघडलं होतं तारीख मागायला. तिने बघितलं, तसं मिटलं.

२५ जाने.
रिपोर्ट. पांढऱ्या पेशी २,१४,०००. असाव्यात अकरा हजाराच्या आत. मी ह्यांना म्हटलं, एक शून्य जास्त पडलंय, टाइप करणाऱ्याची चूक. मुलं रोज करतात. लॅबला फोन लावून चांगलं सुनावलं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, दो बार चेक करके भेजे." पुन्हा रक्त द्या म्हणाली. दिलं.
शून्य तिथेच आहे.
ह्यांनी पुढची तारीख मागितली नाही. म्हणजे केस अवघड, एवढं मला कळतं.

३ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नव्हतं. ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. लिहिला बाई एकदाचा. हाडातला मगज काढून तपासला, दुखलं. पण ज्या जातीचा निघाला त्यावर गोळी आहे. रक्ताचे डॉक्टर वयस्कर, घाई नसलेले. त्यांनी उलगडून सांगितलं. पेशी बेसुमार वाढल्या, रक्त दाट झालं, डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक नसा फुटल्या, तो माझा डाग. डावीकडची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पोटावर बसली, ती माझी तपश्चर्या. मला भर दवाखान्यात हसू आलं. मुक्ता, "आई, इट्स नॉट फनी," आणि तीच रडायला लागली.
"गोली रोज़, खाने के साथ, पानी भरपूर." मी विचारलं, कब तक? म्हणाले, "ज़िंदगी भर."
रिक्षात तोच शब्द धरून रडले. ह्यांनी हात धरला होता, अख्खा रस्ता, चिक्कडपल्लीच्या गर्दीतसुद्धा. असा हात भररस्त्यात ह्यांनी कधी धरलेला आठवत नाही.

४ फेब्रु.
सकाळी उठल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ते 'ज़िंदगी भर' म्हणाले. 'काही महिने' नाही म्हणाले. पहिली गोळी घेतली.

१९ फेब्रु.
मळमळ. रात्री पोटऱ्यांत गोळे. पापण्या सुजून बेडकासारखी दिसते. पण पेशी चौऱ्याऐंशी हजारांवर उतरल्यात! दुपारी दीड भाकरी खाल्ली, मेथीची भाजी, वर ताक. यादम्मा दारात उभी राहून बघत होती. तिला आता सगळं सांगितलंय. ती तिच्या देवीला काहीतरी बोलून आलीय, काय ते सांगत नाही.
शाळेत माझे तास नवीन पोरगी घेतेय. दहावीला ऐन परीक्षेच्या तोंडावर सोडलं, ह्याचं वाईट वाटतं.

८ मार्च
वैशाली आली, खाली मान घालून. "सुनंदा, तुझी ती आंबील मी अजून घेते गं. दोन किलो उतरले माझे. बंद करू का?" इतकी हसले की कुशीत कळ आली. म्हटलं, घे बाई. आधी डॉक्टरला तेवढं विचार.
मग दोघी रडलो. मग चहा.

१९ मार्च
पाडवा. गुढी उभारली, यादम्माने शेजारून उगादीची पच्चडी आणली, इकडची पाडव्याची चिंचगुळाची चटणी. कडुलिंबाचा मोहोर दाताखाली. हे म्हणाले, "अजून घे, बहुत चांगली असते तब्येतीला." मी म्हटलं, गोळीपेक्षा? तर म्हणे, "गोळीची बराबरी नक्को करूस गं." जेवताना रोज पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभे राहतात. एकदा म्हटलं, बसा की. तर म्हणाले, "उभंच ठीक आहे." त्या माणसाला भीती वाटतेय, आणि ती बसून सांभाळता येत नाहीये. मला किती उशिरा कळतं.

११ एप्रिल
पेशी नॉर्मल. सात हजार चारशे. एकही शून्य फालतू नाही.
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ठिपके विरलेत, डाग अगदी फिका. चौकटींचा कागद दिलाय, रोज एका डोळ्याने बघायचा. मधल्या दोन रेषा अजून किंचित वाकड्या. जन्मभर मुलांना आलेख काढायला लावले, आता माझी पाळी. तिला विचारलं, मी आणखी थांबले असते तर? ती म्हणाली, "आंटी, आप आए ना." मी तिचे दोन्ही हात धरले. बाहेर लाइन होती, तरी तिने धरू दिले.
सगळे बारीक झालीस म्हणून वाखाणत होते, मीसुद्धा. हा एक डोळा तेवढा खरं बोलला. त्याचे उपकार कसे फेडायचे माहीत नाही. शाहीनचेही.

६ मे
आज मोठी तपासणी. साध्या मोजणीत पेशी ठीक दिसल्या तरी मूळ बिघाड आत किती उरलाय, गोळी खरंच लागू पडतेय की नाही, ते ह्यातून कळणार. डॉक्टर आशा आहे म्हणाले, खात्री आहे म्हणाले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. रक्त दिलं, इडली खाऊन घरी.
दुपारी शाळेतून हेडमास्तरीणबाईंचा फोन. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग चाचरत, "जूनचं टाइमटेबल करतेय. दहावी तुमच्याकडे लिहू का? रिपोर्ट आल्यावर सांगितलं तरी चालेल, मॅडम." हे समोरच होते. ह्यांनी मान हलवली, थांब, रिपोर्ट येऊ दे.
दहावी म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत. एकदा मध्येच सोडलंय, परत सोडायचं नाही. रिपोर्टला दोन आठवडे.
मी म्हटलं, "लिहा. दोन्ही तुकड्या लिहा."