वीरबाबाच्या दगडावरचा हात

शुक्रवार संध्याकाळ, शारजा

गावच्या वीरबाबाच्या नव्या देवळात लावायचा मजकूर मी लिहायचा, असं सासऱ्यांनी ठरवलंय. गोष्ट मला पाठ आहे. आमचा मूळपुरुष गाई सोडवताना लढून पडला, तिथे त्याचं ठाणं झालं. बायकांनी आत जायचं नाही.

आज दिरांनी फोटो पाठवला. नव्या देवळात न्यायला ठाण्यावरचा दगड हलवायचा म्हणून शेंदराची खोळ काढली, तर खाली घोडा नाही, तलवार नाही. कोपरात दुमडलेला एक हात आणि मनगटभर बांगड्या. सतीचा दगड!

तन्वी फोनमध्ये डोकावली. "आई, हूज हँड इज दॅट?"

नाव कुणालाच माहीत नाही.

सासऱ्यांना फोन केला. "त्याच्याच मागे गेली ना ती? मग देऊळ त्याचंच. शेंदूर परत चढवतोय."

गेली, की नेली? त्या बांगड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

हे म्हणाले, "यल्ला, चल, चार ओळी पाठव आणि विषय खलास कर."

पाठवल्या. नुसत्या वीराच्या.

लग्न झाल्यापासून मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडत आले. आत बाईच होती, आणि आज तिला मीच बाहेर काढलं.